सावलीतली झाडे का फुलत नाहीत: एका रूढ सल्ल्याचा प्रतिवाद

अँथुरियम, पीस लिली, सोनटक्का, भुईचाफा, फुटबॉल लिली, अबोली, युकॅरिस, क्लिव्हिया ही बहुवार्षिक झाडे बागकामात ‘सावलीतली’ म्हणून ओळखली जातात. परसात, गच्चीत किंवा बाल्कनीत ती वर्षानुवर्षे हिरवीगार राहतात आणि बहुतेक ठिकाणी फुलत मात्र नाहीत. फुले का येत नाहीत, असे विचारले की ठरलेला सल्ला मिळतो: झाड सावलीत ठेवा, बोनमील किंवा डीएपी घाला, पाणी नियमित द्या, कुंडी मोठी करा. हा सल्ला रोपवाटिकांतून, बागकामाच्या पुस्तिकांतून आणि शेजारपाजारच्या अनुभवातून इतका पक्का झाला आहे की, तो तपासून पाहावा असे कोणाला वाटत नाही. तपासला तर चारांपैकी एकही कलम जसेच्या तसे टिकत नाही. पहिले कलम अर्धेच खरे आहे, दुसरे बहुतेक वेळा चूक, तिसरे निम्म्या झाडांना मारक आणि चौथे घाईचे आहे.

पहिला मुद्दा उजेडाचा, आणि सर्वांत मोठाही तोच. ही झाडे सावली सोसतात, कारण त्यांची पाने थोड्या उजेडातही अन्न तयार करतात आणि कडक उन्हात करपतात. पण सोसणे आणि फुलणे यांना लागणारा उजेड सारखा नसतो. पानात तयार होणारे अन्न आणि झाडाच्या श्वसनात खर्च होणारे अन्न यांची बरोबरी काहीशे लक्स उजेडातच होते. तेवढ्यावर झाड जगते, जुने पान टिकवते, एखादे नवे पानही काढते. फुलाचा खर्च भागायचा तर त्याच्या कितीतरी पट उजेड लागतो. महाराष्ट्रात उन्हाळ्यातल्या मोकळ्या दुपारी साधारण 1,00,000 लक्स उजेड असतो. अँथुरियमची व्यापारी शेती करणारे जाळीखाली 15,000 ते 25,000 लक्स राखतात. दिवाणखान्यात खिडकीपासून दोन मीटर आत हा आकडा पाचशेच्याही खाली असू शकतो. तिथे ठेवलेल्या अँथुरियमला शेतातल्या त्याच झाडाच्या तीस-चाळीसावा हिस्सा उजेड मिळतो. दोन्ही जागांना ‘सावली’ म्हणून मोकळे होणे ही या साऱ्या घोटाळ्याची सुरुवात आहे.

हा फरक लक्षात येत नाही, कारण माणसाचा डोळा उजेड मोजण्याच्या कामाचा नाही. बाहुली लहानमोठी होते, दृष्टिपटल सरावते आणि उजेड शंभर पटींनी घटला तरी खोली ‘चांगली उजेडाची’च वाटते. पानाकडे अशी सोय नाही; त्याला मिळेल तेवढाच प्रकाश मिळतो. म्हणून बागेतली जागा डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. साधी परीक्षा अशी: भर दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावलीची कडा ठळक पडली तर उजेड फुलापुरता आहे. कडा पुसट असली तरी हाताचा आकार ओळखू येत असेल, तर पीस लिलीसारख्या झाडांचे भागेल. सावलीच पडली नाही, तर तिथे कोणतेही फूलझाड फुलणार नाही, मग त्याच्या चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो. मोबाइलमधल्या लक्समापकाचे आकडे अगदी अचूक नसले, तरी दोन जागांची तुलना करायला पुरेसे असतात.

अँथुरियमचे झाड जवळून पाहिले तर हा हिशेब डोळ्यांसमोर येतो. लाल, चकचकीत, हृदयाच्या आकाराचा जो भाग फूल म्हणून ओळखला जातो ते आवरण असते. खरी फुले मधल्या दांड्यावर दाटीने बसलेली असतात. प्रौढ झाडात प्रत्येक पानाच्या देठाच्या तळाशी, बेचक्यात, एक कळी धरते. पानामागे एक फूल, असा हा सरळ क्रम आहे. वर्षाला सहा पाने आली तर फुले जास्तीत जास्त सहा. सातवे फूल कोणत्याही खताने आणता येत नाही. उजेड कमी पडला की पान येते, पण बेचक्यातली कळी दाण्याएवढी असतानाच सुकते. न फुलणाऱ्या झाडाचे पान हलक्या हाताने बाजूला सारून देठाच्या तळाशी पाहिले, तर हा वाळलेला तपकिरी दाणा पुष्कळदा सापडतो. झाडाने कळी धरली होती, पण ती पोसण्याइतके अन्न त्याच्याजवळ नव्हते, याचा हा पुरावा आहे. इतका उघड पुरावा समोर असताना खताच्या पुड्या सुचवत राहणे हा झाडावर अन्याय आहे.

‘पण जंगलात तर दाट सावलीतच फुले येतात’ असा एक आक्षेप घेतला जातो. सह्याद्रीतले चित्र वेगळे आहे. पानझडी जंगलात फेब्रुवारीपासून मेपर्यंत वरचे छत्र विरळ किंवा पूर्ण उघडे असते. भुईचाफा आणि रानहळद यांसारखी कंदवर्गीय झाडे भर उन्हाळ्यात किंवा पहिल्या पावसात फुलतात ती अशा उजेडात. सदाहरित रानातही फुलणारी झुडपे पायवाटेच्या कडेला, ओढ्याकाठी, पडलेल्या झाडाने मोकळ्या केलेल्या जागेत दाटतात; गर्द भागात पालाच पाला असतो. शिवाय रानातली सावली स्थिर नसते. फांद्यांमधून उतरणारे उन्हाचे कवडसे दिवसभर जमिनीवर सरकत राहतात आणि तळाच्या झाडांना दिवसभरात मिळणाऱ्या उजेडाचा मोठा हिस्सा या कवडशांतूनच येतो. भिंतीच्या कोपऱ्यात कवडसा नसतो. रानाचा दाखला देणाऱ्यांनी रानातला उजेडही हिशेबात धरायला हवा.

सावल्यांतही प्रकार आहेत. इमारतीच्या सावलीत ऊन अडते, पण मोकळे आकाश दिसत असेल तर पसरलेला उजेड भरपूर मिळतो आणि त्यातले रंग फारसे बदलत नाहीत. झाडाखालची सावली निराळी. वरची पाने तांबडा प्रकाश शोषून घेतात आणि त्याच्या पलीकडचा अतितांबडा खाली सोडतात. खालच्या झाडाला त्यावरून वर शेजारी असल्याचे कळते. ते देठ लांबवते, उंच होते आणि फुलांसाठी अन्न कमी उरते. शिवाय वरच्या झाडाची मुळे खालचे पाणी ओढतात. आंब्याखाली लावलेला सोनटक्का फक्त पाने काढत राहतो, त्यामागे ही दोन्ही कारणे असतात. त्यावर उपाय दोन. फळे उतरल्यावर आंब्याच्या खालच्या फांद्या काढून छत्र वर उचलावे, किंवा सोनटक्का छत्राच्या कडेला, सकाळचे ऊन लागेल तिथे हलवावा. शेवग्यासारख्या विरळ पानांच्या झाडाखाली हा त्रास बराच कमी होतो.

उजेडाला ऋतूही असतो, आणि याचा विचार बागेत जवळजवळ कोणीच करत नाही. मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस मेच्या मध्याला एकदा आणि जुलैच्या अखेरीस पुन्हा एकदा येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. त्यामुळे ‘ऊन येतच नाही’ अशी ख्याती असलेल्या उत्तरेच्या बाल्कनीत मे महिन्यात थेट ऊन येते आणि हिवाळ्यात मुळीच येत नाही. दक्षिणेच्या बाल्कनीत उलट: डिसेंबरचे तिरपे ऊन थेट घरात शिरते आणि मेमध्ये वरच्या स्लॅबने अडते. एकाच जागी बारा महिने ठेवलेली कुंडी म्हणजे वर्षातले काही महिने चुकीच्या जागी असलेली कुंडी. त्यात पावसाळ्याची भर. मुंबईत मे महिन्यात रोज सरासरी नऊ तासांहून अधिक ऊन पडते. जुलैत ते जेमतेम अडीच-तीन तासांवर येते. मे महिन्यात 75 टक्के उजेड अडवणारी हिरवी जाळी अँथुरियमला नेमका उजेड देते, आणि तीच जाळी जुलैच्या ढगांखाली झाडाला उपाशी ठेवते. जाणते उत्पादक पावसाळ्यात जाळी सरकवतात. घरच्या गच्चीवर एकदा बांधलेली जाळी फाटेपर्यंत तशीच राहते.

उन्हाने पान करपते ही भीती खोटी नाही. अंधारात वाढलेले पान एकाएकी दुपारच्या उन्हात आणले तर दोन दिवसांत त्यावर पांढुरके डाग पडतात आणि ते कधीच भरत नाहीत. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘सावलीतच ठेवा’ हा नाही. झाड हळूहळू, दोन-तीन आठवडे घेऊन, उजेडाकडे सरकवावे. सकाळचे साडेनऊ-दहापर्यंतचे ऊन द्यावे आणि दुपारचे टाळावे. सरावलेले नवे पान ते सहज सोसते. अबोलीला तर एवढे ऊन लागतेच. दाट सावलीतली अबोली उंच, बारीक होते आणि वर्षाला मोजके तुरे देते. विरळ सावलीत ती बारमाही फुलते. कोकण-गोव्यात गजऱ्यासाठी अबोली अंगणात लावतात, घराच्या मागच्या अंधाऱ्या बोळात नाही. तिला आणखी एक गोष्ट लागते: फुले संपलेला तुरा वेळीच खुडणे, म्हणजे बियांवर जाणारी ताकद नव्या तुऱ्यांना मिळते.

पीस लिलीच्या बाबतीत ग्राहकाची आणखी एका बाजूने फसगत होते. रोपवाटिकेत ती फुलांनी भरलेली मिळते, घरी आल्यावर ती फुले जातात आणि मग वर्ष-दोन वर्षे काहीच येत नाही. दोष घराच्या हवेला, पाण्याला, खताला दिला जातो. खरे कारण बहुधा निराळे असते. मोठ्या उत्पादनात या झाडांवर जिबरेलिक आम्ल या वाढ-संजीवकाची फवारणी करून त्यांना विक्रीच्या सुमारास एकदम फुलवतात. फवारणीनंतर सुमारे तीन महिन्यांत फुले येतात. ती फुले झाडाने स्वतःच्या शिलकीतून, स्वतःच्या वेळी काढलेली नसतात. हा काही गुन्हा नाही, पण या फवारणीबद्दल ग्राहकाला सांगितले जात नाही आणि वर त्यालाच खताची बाटली विकली जाते, हे मात्र गैर आहे. घरी आलेल्या पीस लिलीला खिडकीला लागून जागा दिली आणि माती कायम ओलसर, पण चिखल होणार नाही अशी ठेवली, तर पुढच्या उन्हाळ्याच्या सुमारास ती आपल्या बळावर फुलते. फुले मोजकी येतात, पण झाडाची स्वतःची असतात.

आता खताकडे. ‘फॉस्फरस म्हणजे फूल’ हे समीकरण शाळेच्या पाठासारखे तोंडपाठ झाले आहे. फॉस्फरस, म्हणजेच स्फुरद, मुळांना, बियांना आणि एकूण ऊर्जेच्या देवघेवीला लागतो, यात वाद नाही. जिथे त्याची खरी टंचाई आहे तिथे तो दिल्याने फुलेही वाढतात. पण झाडाला तो नत्र आणि पालाश यांच्या मानाने बराच कमी लागतो आणि टंचाई नसताना जास्तीचा घातल्याने एकही कळी वाढत नाही. डीएपीमध्ये 18 टक्के नत्र आणि 46 टक्के स्फुरद असते. हे प्रमाण शेतातल्या पेरणीच्या वेळेसाठी आहे. कुंडीतल्या बहुवार्षिक झाडाला ते अगदीच विषम पडते. कुंडीत साठलेला जादा स्फुरद लोह आणि जस्त झाडाला मिळू देत नाही. नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यावर सूक्ष्मअन्नद्रव्यांची दुसरी बाटली सुचवली जाते, आणि मूळ चूक तशीच राहते.

बोनमीलची गोष्ट याहून स्पष्ट आहे. हाडांतला स्फुरद चुन्याशी बांधलेला असतो आणि तो आम्लधर्मी मातीतच विरघळतो. देशावरची काळी जमीन विम्लधर्मी आणि चुनखडीयुक्त. तिच्यात घातलेले बोनमील वर्षानुवर्षे जवळजवळ तसेच पडून राहते. कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आहे, तिथे ते विरघळते खरे, पण सुटलेला स्फुरद मातीतले लोह आणि ॲल्युमिनियम पकडून ठेवतात. म्हणजे पुण्यात ते विरघळत नाही आणि रत्नागिरीत विरघळले तरी बरेचसे झाडापर्यंत पोचत नाही. केळीच्या सालींचे पाणी, ताक, चहाचा चोथा हे घरगुती उपाय थोड्या प्रमाणात बाधत नाहीत, पण त्यांनी झाड फुलल्याचे श्रेय बहुतेक वेळा त्याच सुमारास बदललेल्या ऋतूचे असते.

खत लागतच नाही असे म्हणणे नाही. वाढीच्या महिन्यांत 19:19:19 सारखे समतोल विद्राव्य खत लिटरमागे एक ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, किंवा महिन्याला मूठभर गांडूळखत एवढे या सर्व झाडांना पुरते. कमी उजेडातल्या झाडाला याच्याही निम्मे द्यावे, कारण न वापरलेले खत क्षार होऊन साठते. कुंडीच्या काठाला पांढरा थर आणि पानांची टोके करपलेली दिसली, तर खत आधीच जास्त झाले आहे. तेव्हा आणखी खताऐवजी भरपूर साधे पाणी ओतून क्षार खाली वाहून जाऊ द्यावेत. झाड विश्रांतीत असताना खताचा कणही देऊ नये.

विश्रांतीचा हा मुद्दा ‘पाणी नियमित द्या’ या कलमावरच आघात करतो. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. संत्रा-मोसंबी आणि डाळिंबाच्या बागेत पाणी तोडून ताण दिल्याशिवाय मृग, हस्त किंवा आंबिया बहार धरता येत नाही, हे त्याला पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. फूलबागेत मात्र तोच माणूस बारा महिने रोज पाणी घालतो. भुईचाफ्याचे वर्ष पाहावे. मार्च ते मेमध्ये, एकही पान नसताना, जमिनीतून थेट पांढरी-जांभळी सुगंधी फुले वर येतात. पाने त्यानंतर, पावसाबरोबर. नक्षीदार, मागून जांभळट. दिवाळीनंतर ती पिवळी पडून सुकतात. या वेळी पाणी बंद करून कुंडी पावसापाण्यापासून दूर, कोरड्या जागी ठेवायची असते. फेब्रुवारीअखेर एकदा ओलावा दिला की फुले येतात. पाने सुकली तरी ‘झाड मरू नये’ म्हणून पाणी घालत राहिले, तर कंद कुजतो आणि मग झाड खरोखरच मरते.

भुईचाफा न फुलण्याचे दुसरे कारण याहून आत दडलेले आहे. फूल उन्हाळ्यात येत असल्याने सगळी काळजी उन्हाळ्यात घेतली जाते. पण त्या फुलाचे अन्न आदल्या पावसाळ्यात, जून ते ऑक्टोबरच्या पानांनी कंदात आणि त्याच्या मुळांना लोंबणाऱ्या फुगीर गाठींत साठवलेले असते. त्या चार-पाच महिन्यांत झाड अंधारात ठेवले असेल, तर पुढच्या मार्चमध्ये काहीही केले तरी फूल येत नाही. खत, उजेड आणि पाणी या तिन्हींची वेळ पान हिरवे असताना असते. फुटबॉल लिलीचेही असेच. मे महिन्यात लाल चेंडू उमलून गेला की झाडाकडे पाठ फिरवली जाते. मागून आलेली पाने अडगळ म्हणून कापली जातात किंवा कुंडी कोपऱ्यात सारली जाते. ती पाने आपोआप पिवळी होईपर्यंत राखली तरच कांद्यात पुढच्या वर्षाचा चेंडू तयार होतो.

ताणाचा नियम मात्र सरसकट लावू नये, नाहीतर एका चुकीच्या जागी दुसरी येईल. अँथुरियम आणि पीस लिली यांना कोरडी विश्रांती नसते. त्यांचे पाणी तोडले तर फुले येत नाहीत, पाने तेवढी जातात. सोनटक्क्यालाही वाढीच्या काळात सतत ओल हवी. त्याचे गणित दांड्यांचे आहे: प्रत्येक दांडा शेंड्याला एकदाच फुलतो, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या सुमारास, आणि पुन्हा कधीच नाही. फुलून गेलेले दांडे जमिनीलगत कापले की नव्यांना जागा आणि उजेड मिळतो. युकॅरिसला भर वाढीनंतर काही आठवडे पाणी कमी करून पुन्हा वाढवले की कळ्या धरतात. क्लिव्हियाला कोरडेपणापेक्षा थंडी लागते. सहा ते आठ आठवडे रात्रीचे तापमान 10 ते 13 अंशांच्या आसपास राहिले तरच ती खात्रीने फुलते. महाबळेश्वर-पाचगणीला आणि पुण्याच्या हिवाळ्यात हे जमू शकते, मुंबईत आणि गोव्याच्या किनाऱ्यावर साधत नाही. तिथे ती विकत घेणाऱ्याला हे आधी सांगितले गेले पाहिजे.

उरली मोठी कुंडी. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती उन्हाअभावी लवकर वाळत नाही, मुळे गुदमरतात आणि झाड आधी मुळे व पाने भरून काढण्यात एक-दोन हंगाम घालवते. मुळे कुंडीत मावेनाशी झाली, पाणी दिल्यावर लगेच खाली निघून जाऊ लागले, तरच एक माप वाढवावे. युकॅरिस आणि क्लिव्हिया यांची मुळे विनाकारण हलवू नयेत. सोनटक्का आणि भुईचाफा यांचे उलट आहे: तीन-चार वर्षांत गड्डे दाटले की ते विश्रांतीच्या काळात काढून, वेगळे करून लावावेच लागतात.

जुन्या सल्ल्यात तथ्य आहे ते एवढेच की, ही झाडे दुपारच्या उन्हाची नाहीत. त्यापुढे प्रत्येकाची मागणी वेगळी आहे, आणि रोपवाटिकेच्या चिठ्ठीवर ‘सावलीत ठेवावे’ या दोन शब्दांऐवजी किती उजेड, कोणत्या महिन्यांत पाणी बंद आणि कोणत्या हवेत फुलणार नाही, एवढे लिहिले जाणे हा ग्राहकाचा हक्क आहे. ज्या कोपऱ्यात भर दुपारी कागदावर हाताची सावली पडत नाही, तिथे फूलझाडावर पैसे घालवू नयेत. तिथे नेचे आणि ॲग्लोनिमा लावावेत.